उभं राहण्याचा हिशेब

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे आमचे अण्णा न्हाणीतून बाहेर आले आणि तुळशीपुढे कारीट फोडायला उभे राहिले. तेल-उटणं लावून झालेलं, घंगाळातलं कढत पाणी अंगावर घेतलेलं, पोटात अजून काहीच नव्हतं. त्यांनी कारिटावर टाच ठेवली, वृंदावनाला हात टेकला आणि बघता बघता ते खाली घसरले. चेहरा पांढराफटक पडला होता. आम्ही त्यांना ओसरीवर आडवं केलं. मिनिटाभरात त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "अरे, मला निजवलंय कशाला?"

आठ महिन्यांतली ही चौथी वेळ होती. अण्णांचं वय ७६, मधुमेह १८ वर्षांचा. आधीच्या तीन वेळांनंतर आम्ही हृदयाचा आलेख काढला होता, मेंदूचा एमआरआय केला होता, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली होती. सगळं वयाच्या मानाने ठीक. एका ठिकाणी 'अशक्तपणा' म्हणून जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली. दुसऱ्या ठिकाणी खाटेवर निजवून रक्तदाब पाहिला, तो जास्त भरला, म्हणून गोळी वाढवली. त्यानंतर पडणं वाढलं, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर तालुक्याच्या गावी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी काही मिनिटांत होणारी एक तपासणी केली. अण्णांना पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घेतला: १६४/८८, नाडी ७८. मग त्यांना उभं केलं. एका मिनिटाने ११८/७०. तीन मिनिटांनी १०८/६६, आणि नाडी फक्त ८४. बाई म्हणाल्या, "काका, तुमचं हृदय पळायला तयार आहे, पण त्याला पळ म्हणून सांगणारी तार तुटत चाललीय."

मी डॉक्टर नाही. उमेदीची वर्षं एका बँकेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात जुनी पुस्तकं नि शब्दांचे इतिहास चाळत आलो. पण त्या वाक्याने मला वर्षभर वाचायला लावलं. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे, कारण अण्णांसारखी माणसं घरोघरी आहेत आणि त्यांची तपासणी फुकटात होऊ शकते.

'अनुकंपा' असलेल्या नसा

शाळेच्या पुस्तकात आपण 'स्वायत्त चेतासंस्था' हा शब्द पाठ केलेला असतो. तिचे दोन भाग, अनुकंपी आणि परानुकंपी, हेही परीक्षेपुरतं आठवतं. 'अनुकंपा' हा शब्द इथे कसा आला, हे मात्र कुणी सांगत नाही. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन मानत असे की शरीरातले अवयव एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होतात. पुढे १७३२ साली पॅरिसमध्ये विन्स्लो या शरीररचनाशास्त्रज्ञाने पाठीच्या कण्यालगत जाणाऱ्या नसांच्या साखळीला हेच 'सहवेदने'चं नाव दिलं. आपल्या पाठ्यपुस्तककारांनी त्याचं अनुकंपी केलं. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १८९८ मध्ये या सगळ्या यंत्रणेला 'स्वायत्त' म्हटलं, आणि १९०५ मध्ये तिच्या दुसऱ्या शाखेला परानुकंपी हे नाव दिलं.

या नसा एकमेकींशी आणि अवयवांशी रसायनांच्या भाषेत बोलतात, हे सिद्ध व्हायला १९२१ साल उजाडावं लागलं. ऑटो लोवी यांनी बेडकाचं एक हृदय घेतलं, त्याच्या परानुकंपी नसेला विजेचा चिमटा दिला, तेव्हा ते मंदावलं. त्या हृदयाभोवतीचं पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर कुठलीही नस न छेडता तेही मंदावलं. म्हणजे पहिल्या नसेने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. आज रक्तदाबाच्या, दम्याच्या, प्रोस्टेटच्या कितीतरी गोळ्या या रसायनांच्या वाटेत उभ्या राहूनच काम करतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

ही यंत्रणा करते काय? आपण खुर्चीतून उठतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतीत दाब मोजणारी टोकं असतात. दाब उतरल्याची वर्दी ती मेंदूच्या देठाला देतात. तिथून अनुकंपी नसांना हुकूम सुटतो, पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाचे ठोके थोडे वाढतात. हा सगळा हिशेब काही सेकंदांत पुरा होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पचन, घाम, लघवी, बाहुलीचं लहानमोठं होणं, लाळ, लैंगिक क्रिया यांचे हिशेबही हीच यंत्रणा ठेवते. म्हणूनच ती बिघडते तेव्हा तक्रारी एका अवयवाच्या राहत नाहीत. रोगी पोटासाठी एका डॉक्टरकडे जातो, लघवीसाठी दुसऱ्याकडे, चक्करेसाठी तिसऱ्याकडे, आणि तिघांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत असूनही कुणी एकत्र वाचत नाही.

विंचवाने दाखवलेलं वादळ

या यंत्रणेचा सगळ्यांत भीषण बिघाड मी लहानपणी पाहिला आहे, तेव्हा त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आमच्या कोकणातल्या गावी माझ्या चुलतभावाला पेंढ्याच्या उडवीजवळ तांबडा विंचू चावला. तो सात वर्षांचा होता. त्याला उलट्या झाल्या, दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय बर्फासारखे पडले. मांत्रिक म्हणाला, वेदना उतरली म्हणजे विंचू उतरला. पहाटे तो धाप लागून गेला.

त्याच सुमाराला महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण सरकारी डॉक्टर अशा मुलांच्या खाटेशी रात्र रात्र बसून हीच लक्षणं वहीत टिपत होता. उलटी, घाम, लाळ, गार पडलेले हातपाय ही येऊ घातलेल्या संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडलं. विंचवाचं विष स्वायत्त नसांमध्ये वादळ उठवतं, रक्तवाहिन्या कमालीच्या आवळल्या जातात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी यावर वापरलं. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या इतिहासात औषधाइतकीच ती वही महत्त्वाची वाटते. घाम आणि गार हातपाय आमच्या गावानेही पाहिले होते. ते एकत्र वाचले नव्हते.

आणि एक योगायोग. अण्णांना प्रोस्टेटसाठी जी गोळी चालू होती, ती प्राझोसिनच्याच कुळातली. विंचवाच्या वादळात आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून जीव वाचवणारं हे कूळ, उभं राहताना ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच आवळत नाहीत अशा म्हाताऱ्याला भुईवर आणतं.

चक्कर, अंधारी, भोवळ

मराठीत या अवस्थांना वेगवेगळे शब्द आहेत आणि ते निष्काळजीपणे वापरू नयेत. भोवती सगळं गरगर फिरतं, ती चक्कर बहुधा कानातल्या तोलाच्या यंत्रणेची असते. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात दडे बसतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, पायांतलं बळ जातं आणि आडवं होताच बरं वाटतं, ती मेंदूला रक्त कमी पडल्याची खूण. दवाखान्यात आपण दोन्हीला 'चक्कर येते' म्हणून मोकळे होतो आणि डॉक्टर चक्करेची गोळी देतात. 'गरगरतं की अंधारी येते, आणि कुठल्या स्थितीत?' एवढं नीट सांगितलं तरी अर्धं निदान होतं.

स्वायत्त नसांच्या बिघाडात अंधारीला वेळापत्रक असतं. सकाळी उठताना ती जास्त येते. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर येते, कारण उष्णतेने कातडीतल्या वाहिन्या फुलतात. भरपेट जेवणानंतर येते, कारण रक्त पोटाकडे जातं. उन्हात रांगेत उभं राहिल्यावर येते. काहींना अंधारी येण्याऐवजी उभं असताना मान आणि दोन्ही खांदे दुखतात, निजल्यावर दुखणं थांबतं, आणि त्याचा शेक मणक्याला दिला जातो. अण्णांची अभ्यंगस्नानाची पहाट आता मी पुन्हा वाचतो तेव्हा दिसतं की उपाशीपोट, कढत पाणी आणि पहाटेची वेळ, सगळी कारणं आम्ही एका पाटावर मांडून ठेवली होती.

बाकीच्या खुणा अशा. थोडं खाल्लं की पोट डब्ब होणं, तासांपूर्वीचं अन्न उलटून पडणं. कधी घट्ट बद्धकोष्ठ तर कधी रात्रीचे जुलाब. लघवीची जाणीवच कमी होणं. तळपायांचा घाम बंद होऊन छातीवर-डोक्यावर जास्त घाम येणं, किंवा जेवताना तोंडावर घाम फुटणं. बसल्या जागी नाडी सतत १०० च्या आसपास राहणं. पुरुषांमधली लैंगिक असमर्थता. यांपैकी एखादी खूण कुणालाही असू शकते. दोन-तीन एकत्र आल्या, त्यात उभं राहण्याची तक्रार मिसळली, तर मात्र विचार करायला हवा.

यामागचं जगभरातलं मोठं कारण मधुमेह आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. पायाच्या मुंग्यांची चौकशी होते, या आतल्या नसांची क्वचितच. आणि त्यांचा बिघाड जिवावर बेतू शकतो: अशा रुग्णाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, आणि साखर उतरल्याची घाम-थरथर ही पूर्वसूचना मिळत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर घाम येत नाही, तीही या नसांचीच इजा. पार्किन्सनच्या रुग्णांत कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं ही लक्षणं दिसू शकतात.

'टेन्शन' म्हणून परत पाठवलेल्या मुली

एका मित्राची मुलगी १९ वर्षांची. तापाच्या आजारातून उठली आणि नंतर तिला उभंच राहवेना. उभं राहिलं की छातीत धडधड, हात थरथरणं, डोकं धूसर. रक्तदाब दर वेळी बरोबर भरे. तिला परीक्षेचा ताण असल्याचं सांगण्यात आलं, नात्यातल्या बायकांनी लग्नाचा तोडगा सुचवला. शेवटी कुणीतरी तिची नाडी निजून आणि उभं राहून मोजली: ७६ आणि १२२.

या आजाराला 'पॉट्स' म्हणतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या शोंडॉर्फ आणि लो या संशोधकांनी त्याला हे नाव दिलं. उभं राहिल्यापासून १० मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते, १२ ते १९ या वयात ४० ठोक्यांनी. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. आणि ही तक्रार किमान तीन महिने टिकलेली असते. रुग्णांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी आहे. एखाद्या विषाणूच्या आजारानंतर तो सुरू होतो हे आधीही माहीत होतं, कोविडनंतर ते ठळकपणे दिसलं.

नाव नवं असलं तरी तक्रार जुनी आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना जाणवणारी धडधड, थकवा, छातीतली कळ यांवर डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये निबंध लिहिला आणि त्याला 'चिडकं हृदय' म्हटलं. पहिल्या महायुद्धात त्यालाच 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. त्यांतल्या किती जणांना आजचं पॉट्स होतं, हे आता ठरवता येणार नाही. पण सैनिकाची धडधड निदान हृदयाच्या नावाने नोंदली गेली, आणि आपल्या मुलींची 'नखरे' या सदरात जाते.

धडधडीचं प्रत्येक प्रकरण पॉट्स नसतं, हेही सांगायला हवं. रक्त कमी असणं, थायरॉइड, पाणी कमी पिणं, हृदयाच्या ठोक्यांचा स्वतंत्र दोष, खूप दिवस अंथरुणाला खिळणं, यांनीही असंच होतं. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, क्षार आणि हृदयाचा आलेख या तपासण्या आधी. आणि खरोखरीची भीती-चिंता असू शकते, तिलाही उपचार आहेत. फक्त नाडी मोजण्याआधी ते निदान होऊ नये.

वही घेऊन दवाखान्यात

घरी करायचं ते सोपं आहे. दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घ्यावं. सकाळी, पाच मिनिटं शांत निजून रक्तदाब आणि नाडी लिहावी. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला, आणि तरुण माणसाची धडधडीची तक्रार असेल तर पाचव्या आणि दहाव्या मिनिटालाही. शेजारी कुणीतरी धरायला असावं, मागे खाट असावी, अंधारी येऊ लागली तर ताबडतोब आडवं व्हावं. आकडा पुरा करण्याचा हट्ट धरू नये.

तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभं राहताना उतरणारा रक्तदाब म्हणतात. त्यातही नाडीकडे पाहावं. नसा शाबूत असतील, नुसतं पाणी कमी पडलं असेल, तर दाब उतरताच नाडी चांगली वाढते. वरचा दाब जितका उतरला त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी ठोके वाढले, तर संशय नसांवर जातो. अण्णांचा दाब ५६ ने उतरला आणि नाडी फक्त ६ ने वाढली. नाडी मंदावणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर मात्र हा ताळा लागू पडत नाही.

असे सात दिवसांचे आकडे, अंधारी कधी आणि कशानंतर आली त्याच्या वेळा, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, एवढं घेऊन फिजिशियनकडे जावं. यादीत प्रोस्टेटच्या, लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या, नैराश्याच्या आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्या आवर्जून लिहाव्यात. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नये. तिथून गरजेप्रमाणे मज्जाविकारतज्ज्ञ किंवा हृदयरोगतज्ज्ञ.

पुढच्या तपासण्यांना घाबरण्यासारखं काही नसतं. झुकत्या टेबलावर पट्ट्यांनी बांधून माणसाला ६०-७० अंशांत उभं करतात आणि दाब-नाडी पाहत राहतात. मिनिटाला सहा, असे खोल श्वास घ्यायला लावतात. निरोगी हृदय श्वास घेताना भरभर आणि सोडताना सावकाश चालतं. हा फरक वयाबरोबर कमी होतो, पण नसा बिघडल्यावर तो जवळजवळ पुसला जातो. एका नळीत १५ सेकंद फुंकून धरायला सांगतात, मूठ आवळून धरायला सांगतात. एडिंबरामध्ये ईविंग आणि क्लार्क यांनी मधुमेही रुग्णांसाठी रूढ केलेल्या पाच साध्या कसोट्यांचा आधार आजही घेतला जातो. काही ठिकाणी घामाचीही तपासणी होते.

वहीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठायचे प्रसंग वेगळे आहेत: श्रम करत असताना किंवा निजलेले असताना शुद्ध जाणं, त्याआधी छातीत दुखणं किंवा एकाएकी धडधड, घराण्यात तरुणपणी अचानक मृत्यू, काळी शौच, तोंड वाकडं होणं किंवा एका अंगातलं बळ जाणं.

निदान झालं म्हणजे नसा पुन्हा पहिल्यासारख्या होतात असं नाही. अण्णांच्या होणार नाहीत. पण डॉक्टरीणबाईंनी प्रोस्टेटची गोळी बदलली आणि रक्तदाबाच्या गोळीची मात्रा आणि वेळ बदलली. अण्णांचा दाब निजल्यावर चढायचा आणि उभं राहिल्यावर उतरायचा. निजलेल्या आकड्यावर गोळी वाढवत गेल्याने आम्ही त्यांना पाडत होतो. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या. उठण्यापूर्वी दोन पेले पाणी, मग खाटेच्या कडेवर पाय सोडून दोन मिनिटं बसणं, मग उभं राहणं. जेवण थोडं थोडं. अंधारी वाटली तर पायाला पायाची अढी घालून मांड्या आवळायच्या. पॉट्सच्या त्या मुलीला मीठ-पाणी वाढवायला सांगितलंय आणि आडव्याने करायचे व्यायाम दिलेत. मिठाचा सल्ला सरसकट नाही, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो परस्पर घेऊ नये.

गेल्या दहा महिन्यांत अण्णा एकदाही पडलेले नाहीत. या दिवाळीत त्यांची पहिली अंघोळ चहा झाल्यावर, कोमट पाण्याने, स्टुलावर बसून होणार आहे. पाटावरून एकदम उठण्यावर घरात बंदी आहे. कारीट मात्र तेच फोडणार, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय. शेजारी मी उभा असेन.